औंधची टेकडी आणि आपल्या घरच्या भिंती

भगिनींनो, मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती, विणकामाचे नमुने आणि यात्रेची वर्णने दरवर्षी येतात. यंदा मी आपल्या मुलखातील चित्रांविषयी लिहावयाचे ठरविले आहे. त्याला कारण असे की, अलीकडे सातारा-सांगलीकडे शाळांच्या सभागृहांतून, वाचनालयांतून, कधी देवळाच्या ओवरीतूनसुद्धा स्थानिक चित्रकारांची प्रदर्शने वरचेवर भरू लागली आहेत. आपण सर्वजणी जातो, पाहतो, वहीत 'फार छान' असा शेरा लिहितो आणि कुकर लावावयाच्या वेळेला घरी परततो. तिसऱ्या दिवशी प्रदर्शन आवरते. मग ती चित्रे कोठे जातात, हे आपल्यापैकी फार थोड्याजणींनी विचारले असेल. मी विचारले, आणि त्या उत्तराच्या मागे लागून थोडे वाचले, थोडे जाऊन पाहिले. ते येथे सांगते.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण चित्र भिंतीवर असे. भिंत जेथे, चित्र तेथे. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठी नाना फडणविसांचा वाडा आहे. तो अठराव्या शतकाच्या अखेरचा. त्याच्या भिंतींवर रंगविलेली चित्रे अजून पाहावयास मिळतात. वाडा नानांचा हे शेंबडे पोरही सांगेल. पण चित्रे काढली कोणत्या चिताऱ्याने, असे विचारावे तर सांगणारा कोणी भेटत नाही. त्या काळी चितारी हा गवंडी-सुतारांच्या पंक्तीला बसणारा कारागीर. मजुरी घ्यावी आणि पुढच्या गावी जावे. चित्राखाली सही करण्याची चालही नव्हती, आणि त्यात कोणाला काही वावगेही वाटत नव्हते. पण त्यामुळे झाले असे की, भिंतीला पोपडे आले की चित्र गेले आणि चिताऱ्याचे नाव तर त्याआधीच गेलेले.

सांगलीची गोष्ट थोडी निराळी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी येथे 'सीतास्वयंवर' केले आणि मराठी रंगभूमी सुरू झाली, हे आपल्याला पाठ आहे. पण हेच भावे लाकडाच्या बाहुल्याही घडवीत, हे मला स्वतःला सांगलीत सासरी येऊन बरीच वर्षे झाल्यावर कळले. सूत्राने हलणाऱ्या, देवादिकांच्या बाहुल्या. भावे १९०१ साली वारले. त्यानंतर कित्येक वर्षांनी बाहुल्यांच्या खेळांबद्दल प्रसिद्ध असलेले रामदास पाध्ये यांनी त्या बाहुल्या दुरुस्त करून पुन्हा चालत्या केल्या. हे शक्य का झाले? तर त्या जळणात गेल्या नाहीत म्हणून. कोणी तरी त्या सांभाळल्या होत्या. सांभाळणाराचे नाव कोठे मोठ्या अक्षरांत लागत नाही, पण त्याच्यावाचून पुढचे काहीच घडत नाही.

चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराचे नाव येऊ लागले ते इंग्रजी अमदानीत. मुंबईला १८५७ साली जे. जे. कलाशाळा निघाली आणि १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी. सोसायटी प्रदर्शने भरवी, बक्षिसे देई, आणि बक्षीस द्यावयाचे तर नाव हवेच. कोल्हापुरात जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर हे त्या शाळेचे विद्यार्थी. १८९५ साली त्यांना सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. विषय कोणता, तर आपल्याच घरातला, लक्ष्मीला 'आलीस का?' म्हणून विचारण्याचा. पुढच्याच वर्षी तरुण गणपतराव म्हात्र्यांनी 'मंदिरपथगामिनी' ही मूर्ती केली. नऊवारी नेसून देवळाला निघालेली मुलगी. दोन्ही ठिकाणी बाई आहे, तिचे पातळ आहे, तिचा सण आहे. ब्रश आणि छिन्नी तेवढी तिच्या हातात नाही. त्याला अजून वेळ होता.

राजा रविवर्म्यांनी १८९४ साली छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर आल्या. ज्या घरात तैलचित्र कधी दिसले नसते त्या घराच्या देवघरात छापील चित्र चौकटीत बसले. काही जाणकार या छापांना नाके मुरडतात. मला तसे करवत नाही. आमच्या घरी श्रावणात जिवतीचा कागद आणि भिंतीवर ती लक्ष्मी, एवढीच चित्रे होती, आणि रंग काय असतो हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

आता औंधकडे वळते. माझे माहेर खटाव तालुक्यातले, म्हणून हा भाग थोडा लांबला तर क्षमा करावी.

औंध हे संस्थान फार लहान, ७२ गावांचे. आणि तीही सलग नव्हेत. औंध आज साताऱ्यात येते, तर आटपाडी आणि कुंडल सांगलीत. म्हणजे आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा त्यावर सारखा हक्क. १९०९ साली गादीवर आलेले श्रीमंत भवानराव, ज्यांना सर्वजण बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणत, ते सूर्यनमस्कारांसाठी प्रसिद्ध आहेत. पण ते स्वतः चित्रकार होते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. चित्रांचा शौक असलेले राजे पुष्कळ झाले. स्वतः ब्रश घेऊन बसणारे थोडे. त्यांच्या चित्रांचे 'चित्ररामायण' १९१६ साली प्रसिद्ध झाले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची संशोधित आवृत्ती काढावी आणि ती सचित्र असावी म्हणून त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. ते काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ पर्यंत चालले. तोवर बाळासाहेब हयात नव्हते. वेरूळ आणि अजिंठा यांवरही त्यांनी पुस्तके लिहिली. एवढ्याशा संस्थानाच्या धन्याने एवढे करावे, याचे मला आजही नवल वाटते.

त्यांच्याभोवती माणसेही तशीच जमली. पंडित सातवळेकर वेदांचे भाष्यकार म्हणून ठाऊक आहेत. पण ते मूळचे जे. जे.चे चित्रकार, लाहोरला त्यांचा चित्रांचा स्टुडिओ होता. १९१८च्या सुमारास ते औंधला येऊन राहिले, येथूनच त्यांनी स्वाध्याय मंडळाचा व्याप चालविला, आणि १९४८ नंतर गुजरातेत पारडीला गेले. दुसरे लक्ष्मणराव किर्लोस्कर. तेही चित्रकला शिकावयास म्हणूनच मुंबईला गेले होते. परंतु डोळ्यांना काही रंगांतला भेद कळत नाही असे आढळल्यामुळे त्यांना चित्रकला सोडावी लागली आणि ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. १९१० साली औंधकरांनी त्यांना कुंडलजवळ माळरान दिले आणि किर्लोस्करवाडी वसली. एका चित्रकाराने वेद हाती घेतले, दुसऱ्याने नांगर! असो. त्याच वाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली 'किर्लोस्कर' मासिक काढले. शंकररावही चित्रे काढणारे. १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले तेही वाडीहूनच. आपल्या आज्या-पणज्यांना पहिल्याने काही वाचावयास मिळाले ते या मासिकांतून, आणि चित्रेही.

बाळासाहेबांनी आयुष्यभर चित्रे जमविली. रविवर्म्यांची 'सैरंध्री', धुरंधरांची चित्रे, बंगाली पद्धतीची चित्रे, राजपूत-पहाडी लहान चित्रे, हस्तिदंतावरचे व चंदनावरचे कोरीवकाम. अजिंठ्याच्या चित्रांच्या आणि युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकलाही त्यात आहेत; अजिंठ्याला वा रोमला ज्यांचे जाणे होणार नाही त्यांच्यासाठी. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची माता-बालकाची मूर्तीही तेथे आहे. ती प्रथम पाहणारीला अपुरी वाटेल, मला वाटली. दुसऱ्यांदा पाहिल्यावर आईच्या अंगाचा ऊबदारपणा त्या दगडात दिसू लागतो.

पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, १९३८ साली हा संग्रह लोकांसाठी खुला केला तेव्हा त्यासाठी जागा कोणती निवडली. वाडा नव्हे, पुणे-मुंबई नव्हे. यमाईच्या मूळपीठाच्या टेकडीवर, निम्म्या वाटेवर इमारत बांधली. म्हणजे देवीला जाणारा जो कोणी, मग तो शेतकरी असो, हमाल असो, लेकुरवाळी असो, त्याला ते वाटेतच लागते. पौषात यमाईची जत्रा भरते. माझ्या आत्या लिहावाचावयास येत नसलेल्या. पण जत्रेला गेल्या की ओटी भरून उतरताना संग्रहालयात शिरत. 'सैरंध्री'पुढे थांबून म्हणत, "बाईमाणसाला दुसऱ्याच्या घरी राबायला गेल्यावर काय काय सोसावं लागतं, बघ." त्यांना चित्रकाराचे नाव ठाऊक नव्हते; पण द्रौपदी विराटाच्या घरी दासी होऊन राहिली होती हे कीर्तनातून ठाऊक होते, आणि तेवढ्यावर चित्र त्यांचे झाले. मुंबईतल्या चित्रकारांनासुद्धा प्रदर्शनासाठी जहांगीर आर्ट गॅलरी मिळाली ती १९५२ साली. आमच्या आत्यांना त्याआधीपासून टेकडीवर मोठाले चित्रसंग्रहालय होते आणि त्यांना त्याचे काही विशेष वाटत नसे!

१९४८ साली संस्थान विलीन झाले, १९५१ साली बाळासाहेब वारले. अशा वेळी किती घराण्यांचे संग्रह मोडले, लिलावात गेले. औंधचा राहिला. आज सरकारचे पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालय खाते तो सांभाळते, आणि तो औंधलाच आहे. चित्र काढणाराने काढले, पण ते टिकले ते कोणी तरी पैसे मोजून घेतले, त्याच्यासाठी भिंत बांधली आणि पाटीवर नाव लिहिले म्हणून.

मग बायकांचे काय? धुरंधरांची कन्या अंबिका धुरंधर यांनी १९३१ साली जे. जे.ची पदविका मिळविली. १९३७ साली अमृता शेरगिल यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, तीन मुलींच्या चित्राबद्दल. पुढे नागपूरकडच्या बी. प्रभा यांची कोळणींची चित्रे नावारूपाला आली. ही नावे मोठी, आणि मोजकी. पण हात काही थांबले नव्हते. नागपंचमीला भिंतीवर नाग कोण काढते? चैत्रात अंगणात चैत्रांगण, त्यातली गोपद्मे, कासव, सूर्य-चंद्र, तुळशीवृंदावन? गौरीची पावले, दिवाळीची रांगोळी, जुन्या लुगड्यांची गोधडी? हे सर्व बायकांचेच. मात्र संध्याकाळपर्यंत पुसावयाचे किंवा अंगाखाली घालून झिजवावयाचे. त्यावर नाव कोण लिहिणार?

भिंतीवरून कागदावर आल्यावर काय होते याचे दोन दाखले आहेत. बिहारात मधुबनीकडे बायका घराच्या भिंती रंगवीत. १९६६च्या दुष्काळात त्यांना काही मिळकत व्हावी म्हणून सरकारी हस्तव्यवसाय मंडळाच्या वतीने भास्कर कुलकर्णी नावाचे आपले मराठी चित्रकार तेथे गेले, कागद दिले आणि भिंतीवर काढता तेच यावर काढा म्हणून सांगितले. १९७५ साली त्यांतल्या जगदंबादेवींना पद्मश्री मिळाली. हेच कुलकर्णी पुढे ठाणे जिल्ह्यात वारल्यांच्या पाड्यांवर गेले. तेथे लग्नाचा चौक भिंतीवर लिहिण्याचा मान सुवासिनींचा. परंतु कागदावर ते काम सर्वांत पुढे नेले जिव्या सोमा म्हसे यांनी, आणि २०११ साली पद्मश्रीही त्यांना मिळाली. म्हसे खरोखर थोर कलावंत, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण ज्या सुवासिनींनी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिले त्यांतली चार नावे तरी आपल्याला सांगता येतील का? मधुबनीत कागद बायकांच्या हाती राहिला, म्हणून तेथली नावे सांगता येतात.

आता आपल्या गावच्या प्रदर्शनाची हकीकत. मागच्या खेपेला शाळेच्या सभागृहात जी चित्रे लागली होती ती आपण पाहिलीच. इरविन पूल, कृष्णेचा घाट, अजिंक्यतारा, कासची फुले, बाजाराच्या दिवशी हळदीच्या पोत्यांवर बसलेला हमाल. त्या हमालाचे चित्र काढणारे आपल्या पलीकडच्या गल्लीतले निवृत्त ड्रॉईंग मास्तर. चाळीस वर्षे त्यांनी मुलामुलींकडून एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांची तयारी करून घेतली. मी त्यांना विचारले, "मास्तर, आता ही चित्रे कोठे ठेवणार?" ते म्हणाले, "पलंगाखाली. आणखी कोठे?" मग त्यांच्या पत्नींनी सांगितले ते असे.

२०१९च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी इरविन पुलापाशी ५७ फुटांवर गेले तेव्हाचे आपणा सर्वांना आठवते. मास्तरांचे घर तळमजल्याचे. पाणी रात्री शिरले. त्यांनी गॅसची शेगडी माळ्यावर टाकली, धान्याचा डबा टाकला, कागदपत्रे कमरेला बांधली, आणि नावेत बसले. पलंगाखालची चित्रे पलंगाखालीच राहिली. तीस वर्षांची जलरंगातली चित्रे. आठवड्याने परत आल्यावर काकूंनी ती दोरीवर वाळत घातली. "वाळली, पण सगळ्या कागदांवर एकच रंग होता, गाळाचा," असे त्या म्हणाल्या. त्यातली काही चित्रे पूर्वी प्रदर्शनांतून लागली होती आणि पाहणारांनी 'फार छान' असे लिहिलेही होते. वही मात्र माळ्यावर असल्यामुळे वाचली.

हे ऐकल्यावर मला औंधची टेकडी आठवली. टेकडीवर पाणी चढत नाही एवढाच त्याचा अर्थ नव्हे. त्या चित्रांना कोणी तरी आपले म्हटले होते. मास्तरांच्या चित्रांना आपण छान म्हटले, आपले म्हटले नाही. एखादे जरी आपण विकत घेतले असते तरी ते आज कोणाच्या तरी माडीवर शाबूत असते.

मंडळाच्या सभेत मी हा विषय काढला तेव्हा दोघीतिघींनी म्हटले, चित्र घेणे हे राजेरजवाड्यांचे काम, आपल्याला खुर्च्या हव्या आहेत. खुर्च्या हव्यात हे खरे. गेल्या हळदीकुंकवाला निम्म्याजणी सतरंजीवर होत्या आणि गुडघे कोणाचे धड आहेत? पण चित्राची किंमत विचारली तर ती एका बऱ्यापैकी साडीइतकीच निघाली. भिशीतून आपण भांडी घेतो, सहली काढतो. बरीच वादावादी होऊन शेवटी ठरले ते असे की, दरवर्षी भिशीतून थोडी रक्कम बाजूला काढून आपल्या भागातील एकाच्या हातचे एक चित्र घ्यावयाचे, सांगितलेल्या किमतीला, घासाघीस न करता. एका वर्षी पुरुषाचे घेतले तर पुढच्या वर्षी बाईचे. खुर्च्या पुढच्या वर्षी येतील. अध्यक्षबाईंनी खुर्च्यांची बाजू लावून धरली होती, पण ठराव झाल्यावर पहिले पैसे त्यांनीच ठेवले.

पहिले चित्र मास्तरांचा तो हळदीच्या पोत्यांवरचा हमाल. तो मंडळाच्या कार्यालयात वरच्या मजल्यावर, पुराच्या रेषेच्या चांगला वर, उन्हाची तिरीप न लागेल अशा भिंतीवर लावला आहे. खाली चित्रकाराचे नाव, गाव आणि साल लिहिलेली पाटी आहे.

यंदाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मंडळात भगिनींच्या हातच्या कामाचे प्रदर्शन भरावयाचे आहे. चित्र, भरतकाम, गोधडी, काहीही चालेल. ज्या आणतील त्यांनी वस्तूच्या मागे स्वतःचे नाव, गाव आणि साल लिहून आणावे. 'अमक्याच्या सौ.' असे न लिहिता आपलेच नाव लिहावे. गोधडी सासूबाईंनी किंवा आजेसासूबाईंनी शिवलेली असेल तर त्यांचे नाव विचारून घ्यावे, माहेरचेही. अंगणातील चैत्रांगणाचा व रांगोळीचा फोटो पुसण्यापूर्वी काढून आणावा. तो चिकटविण्यासाठी जाड कागदांची एक मोठी वही आणली आहे. ती माझ्याकडे आहे, आणि दुपारी तीननंतर मी घरीच असते.